दोन डेसिबल

रात्री दहानंतर घरात स्पीकर लावायचा नाही, हा नियम मुलीच्या दहावीच्या वर्षी झाला. ती आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण नियम काही उठला नाही. माझं गाणं ऐकणं म्हणजे तेव्हापासून हेडफोन. गेल्या दिवाळीत मनाचा हिय्या करून सेनहायझरचा एचडी ६०० घेतला, तोही वापरलेला. हे मॉडेल १९९७ साली आलं, अजूनही बनतं, आणि स्टुडिओतली माणसं त्याच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात. एवढं ऐकल्यावर मोह कुठला आवरतोय!

पहिल्या रात्री तो लॅपटॉपला लावला आणि मल्लिकार्जुन मन्सूरांची एक जुनी मैफल सुरू केली. कुणीतरी श्रोत्यांत बसून कॅसेटवर उतरवून घेतलेली. आवाजाची पट्टी शंभरावर नेली तरी मन्सूरअण्णा शेजारच्या खोलीत गात असावेत आणि मधलं दार लोटलेलं असावं, असं वाटत होतं. वीस हजारांच्या हेडफोनपेक्षा फोनबरोबर आलेले फुकटचे इयरफोन जोरात वाजत होते.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक काका राहतात. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. त्यांच्या बाल्कनीत फुलझाडांच्या जागी सोल्डरिंगचं टेबल आहे. त्यांनी हेडफोन हातात घेऊन त्यावरचा आकडा वाचला आणि हसले.

"अरे, तीनशे ओहम आहे हा. तुझ्या इयरफोनचे सोळा नाहीतर बत्तीस असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात चौथ्या मजल्यावर पाणी चढतं का? तसंच आहे हे. पाणी भरपूर आहे रे, दाब नाही."

दाब म्हणजे व्होल्ट. हा हेडफोन एका व्होल्टला ९७ डेसिबल देतो, असं कंपनीच सांगते. माझा लॅपटॉप जेमतेम पाऊण व्होल्ट द्यायचा, आणि जुन्या मैफलींचं रेकॉर्डिंग मुळात हळू. गाण्यातल्या चढत्या जागांनाही घसघशीत दाब हवा असेल, तर चार-साडेचार व्होल्टची सोय हवी, असा काकांनी हिशेब केला. ऐकायला मोठं वाटतं, पण साडेचारचा वर्ग भागिले तीनशे केलं की सत्तर मिलिवॅटही भरत नाहीत. व्होल्ट वाढवून देणाऱ्या हेडफोन ॲम्प्लिफायरच्या, म्हणजे ॲम्पच्या, खोक्यांवर मात्र 'हजार मिलिवॅट', 'दीड हजार मिलिवॅट' अशी ललकारी असते, आणि खाली बारीक अक्षरात 'बत्तीस ओहमला'. तीनशे ओहमवाल्याला त्या आकड्याचा थेट उपयोग शून्य. त्याने व्होल्ट विचारावेत. हे दुकानात विचारलं की विक्रेता आधी आपल्याकडे आणि मग मालकाकडे बघतो.

ॲम्पसाठी माझं बजेट बारा हजार. न्यू जर्सीतला भाचा येणारच होता, त्याला तिकडचा एक टेबलावर ठेवायचा साधा ॲम्प आणायला सांगितला. "मामा, एवढासा डबा? मला वाटलं केवढा असेल," असं म्हणत त्याने तो बॅगेतून काढला. टिफिनच्या डब्याएवढा काळा पत्रा, पुढे एक गोल बटण, मागे दोन भोकं. बरोबर चांगला विटेएवढ्या वजनाचा अडॅप्टर.

आता माझी अक्कल बघा. मोबाइलचे आणि लॅपटॉपचे चार्जर जगात कुठेही चालतात, तेव्हा हाही चालेल असं मी धरून चाललो. अडॅप्टरवर १२० व्होल्ट असं स्वच्छ लिहिलं होतं. मी त्यावर चपट्या पिनांचं कन्व्हर्टर चढवलं आणि आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात खुपसलं. आधी माशी गुणगुणावी तसा आवाज आला, मग गरम वार्निशचा वास, मग शांतता. अर्धं मिनिटसुद्धा गेलं नसेल. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, काय जळतंय?" मी म्हणालो, "काही नाही." उत्तर बरोबरच होतं, कारण जे जळायचं ते जळून गेलं होतं.

काकांनी तो अडॅप्टर हातात तोलला. "हा लोखंडी ट्रान्सफॉर्मर आहे रे, चार्जर नव्हे. आत फक्त तांबं आणि पत्रे. एकशे वीसवर नेमलेला कारकून, त्याला दोनशे तीसचं काम दिलंस." ॲम्पला हवे होते पंधरा व्होल्ट, तेही एसी, त्यामुळे साधा डीसी अडॅप्टर चालणार नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "पंधरा-शून्य-पंधरा देऊ? एक ॲम्पियर?" काका म्हणाले, "द्या. आम्ही अर्धाच वापरणार." म्हणजे मधली वायर आणि एका टोकाची वायर जोडायची, तिसरी टेप लावून मोकळी सोडायची. काकांनी तो एका प्लॅस्टिकच्या डब्यात बसवला, फ्यूज घातला, आणि ॲम्पच्या पुढचा लाल दिवा लागला.

मी तो डबा जागा वाचावी म्हणून ॲम्पच्या डोक्यावर ठेवला. हेडफोन घातला तर गाणं लावण्याआधीच एक बारीक घुमारा. आपल्याकडच्या विजेचा ५० हर्ट्झ, दुसरं काय! मी काळी एकमध्ये गाणाऱ्या एका गायकाचा भूप लावला आणि अंगावर काटा आला. त्या षड्जाला हा घुमारा अगदी तीव्र मध्यमाच्या आसपास बसतो. भूपात मध्यम नाही, ना शुद्ध ना तीव्र, आणि माझ्या भूपात तो अखंड लागलेला. ट्रान्सफॉर्मर उचलून वीतभर लांब ठेवला. मध्यम गेला. उघड्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या तारांत शिरतं, एवढंच त्यातलं शास्त्र.

ही सगळी यातायात चालू असताना धीर सुटून मी कर्वे रोडवरच्या ओळखीच्या दुकानातून आणखी एक छोटा ॲम्प आठवड्याच्या बोलीवर आणला होता. हा लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालायचा, काडेपेट्या चार रचाव्यात एवढा. त्याची धाव दोन व्होल्टपर्यंत. आता टेबलावर दोन ॲम्प, आणि मी वही घेऊन बसलो. तीन रात्री ऐकून काय लिहिलं ते आज वाचताना लाज वाटते. मोठ्या ॲम्पखाली: 'तंबोऱ्याची जवारी सुटी सुटी. डग्गा जमिनीतून येतो. गायकाभोवती हवा आहे.' छोट्याखाली: 'स्वच्छ, पण कोरडा. घाईत असल्यासारखा.' घाईत! दोन्हीकडे तीच फाइल, तीच लय.

वही काकांना दाखवली. ते म्हणाले, "दोन्ही सारख्या जोरात वाजत होते का?"

"कानाला सारखे लावले होते."

"कानाला?"

काही वर्षांपूर्वी या हेडफोनवाल्यांच्या जगात एक विलक्षण माणूस होऊन गेला. 'एनडब्ल्यूएव्हीगाय' या टोपणनावाने लिहायचा. २०११ साली त्याने ऑब्जेक्टिव्ह टू नावाच्या ॲम्पचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला, साध्या स्वस्त चिप वापरून, आणि महागड्या यंत्रांशी मोजमापांत दोन हात करून दाखवले. त्याचा हट्ट एकच: आधी मोजा, पातळी सारखी करा, डोळे बांधून ऐका, मग विशेषणं वापरा. २०१२ मध्ये तो लिहायचा थांबला तो थांबलाच. त्याचं हे सगळं मी वाचलेलं होतं, पटलेलंही होतं. आणि तरी 'घाईत असल्यासारखा' असं लिहून मोकळा झालो होतो.

मोजायला बसलो तर माझा पिवळा मल्टिमीटर कुचकामी निघाला. त्याला एसीच्या दोनच पट्ट्या, २०० आणि ७५० व्होल्ट. घरातला प्लग तपासायला ठीक, इथे पाव व्होल्टची बात. काकांचा खात्यातल्या काळापासूनचा मीटर आला. ४०० हर्ट्झचा एक मुद्दाम हळू ठेवलेला सूर वाजवला, हेडफोन जोडलेलाच ठेवला आणि आदल्या रात्रीच्या खुणांवर बटणं आणली. छोटा: ०.२५ व्होल्ट. मोठा: ०.३१. म्हणजे जवळजवळ दोन डेसिबलचा फरक. 'जोरात' म्हणून कळत नाही इतका कमी, आणि 'छान' म्हणून कळावा इतका पुरेसा. शिवाय आवाज वाढला की कानाला खर्ज त्या मानाने जास्त भरतो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. माझा जमिनीतून येणारा डग्गा आला तो तिथून.

दोन्ही बटणं ०.२५ वर आणून पेन्सिलीने खुणा केल्या. छोट्याच्या मागच्या लाइन-आउटमधून मोठ्याला सिग्नल दिला, म्हणजे दोघांचा उगम एकच. आता पिन बदलायला माणूस हवा. बायकोने "वीस मिनिटं, त्याच्यावर नाही" या अटीवर काम स्वीकारलं. पहिल्याच फेरीत एक घोटाळा झाला. मोठ्याचं भोक जाड पिनेचं, छोट्याचं बारीक. जाड पिनेची टोपी चढवताना 'कट्' असा आवाज होतो आणि मला न ऐकताच उत्तर कळतं. तिच्याच लक्षात आलं ते. मग दर फेरीला ती टोपी काढून पुन्हा चढवायची आणि लागली तर परत काढायची. टॉवेल टाकून टेबल झाकलं होतं. दहा फेऱ्या झाल्या, माझी सहा उत्तरं बरोबर. मी खूश. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा, त्यांतली चार बरोबर.

"वीसात दहा," ती म्हणाली. "रुपया उडवला असता तर मी पोळ्या तरी करून घेतल्या असत्या."

मी स्वतःला कानसेन समजतो. समजतो म्हणण्यापेक्षा समजत होतो. चरफड झाली खरी. मग काकांनीच सुचवलं, "ती हॉलमधली जुनी सिस्टिम आहे ना तुझी, तिचं हेडफोनचं भोक लावून बघ." ती माझ्या पहिल्या पगाराच्या काळातली. तिच्यावर एचडी ६०० मला कायम 'उबदार' वाटायचा. ४०० हर्ट्झवर तिचीही पातळी जुळवली, टॉवेल टाकला, छोट्या ॲम्पशी सामना लावला. दहापैकी नऊ बरोबर! दर वेळी डग्ग्यावरच पकडलं. घुमका आला की तो जरा जास्त फुगायचा, घसीट संपली तरी रेंगाळायचा.

काकांनी तिचं झाकण उघडलं. स्पीकरच्याच ॲम्पमधून एक तार हेडफोनच्या भोकाकडे आलेली, आणि वाटेत एक रेझिस्टर. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पट्टे वाचले. "नारिंगी, नारिंगी, तपकिरी. तीनशे तीस ओहम." हेडफोन कागदावर तीनशे ओहमचा असला तरी शंभर हर्ट्झच्या खाली-वर तो पाचशेच्या घरात जातो. मध्ये तीनशे तीसचा अडसर असला की व्होल्टची वाटणी सुरांगणिक बदलते. जिथे हेडफोनचे ओहम जास्त तिथे त्याचा वाटा जास्त. हिशेब केला तर त्या पट्ट्यात साधारण दोन डेसिबल जादा निघाले. माझी इतक्या दिवसांची ऊब म्हणजे पाच पैशांचा एक रेझिस्टर. तो बदलायचा नाही असं मी काकांना तिथेच सांगून टाकलं. बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची, जुनी भावगीतं मी अजून त्यावरच ऐकतो.

दोन आधुनिक ॲम्पमध्ये मग काहीच फरक नव्हता का? होता, पण ज्याला आपण 'आवाज' म्हणतो त्यात नव्हता. मुलीचे कानात खुपसायचे नाजूक इयरफोन मोठ्याला लावले, तर गाणं नसतानाही दूरवर पाऊस पडत असल्यासारखी सूं ऐकू यायची. छोटा अगदी मुका. मोठ्याचं बटण सुरुवातीला अगदी थोडं फिरवलं की डावा कान जोरात आणि उजवा मागे. स्वस्त व्हॉल्यूमच्या बटणाच्या दोन पट्ट्या तळाशी जुळत नाहीत, त्याचा हा परिणाम. मागचा गेनचा (आवाज किती पट वाढवायचा त्याचा) खटका खाली पाडला की बटण मध्यावर येतं आणि दोन्ही कान समेवर. उलट अण्णांच्या त्या कॅसेटवर छोटा शेवटच्या टोकाला जाऊनही 'अजून थोडं' असं वाटायला लावायचा. मोठा निम्म्यावरच भरून यायचा. मला रात्री ऐकायच्या असतात त्या अशाच कॅसेटी, तेव्हा मोठा ठेवला. तपकीर गल्लीतला डबा त्याच्यापासून वीतभर लांब, खिडकीत.

आठवडा भरायच्या आदल्या संध्याकाळी छोटा परत करायला गेलो. दुकानदाराने खोकं उघडून वायरी मोजल्या.

"आवाज आवडला नाही का साहेब?"

"आवडला. पण मोठ्याचाही अगदी असाच आहे."

"असाच?" त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. तो खाली वाकला आणि काउंटरच्या आतून जांभळ्या मखमलीच्या पिशवीतली, गोफासारखी विणलेली एक केबल काढून माझ्यासमोर ठेवली. "मग तुम्ही ही लावून ऐका. चार हजार. फरक नाही कळला तर पैसे परत."

मी केबल हातात घेतली. विणकाम खरंच सुरेख होतं.