मावशीचा पाय

काशीत ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या बाजूला मराठी घरं अजून आहेत. त्यातल्या एका घरात माझी मावशी पन्नासेक वर्षं राहते. निम्मी वर्षं मधुमेह सोबतीला. कार्तिकात पहाटे पंचगंगा घाटावर स्नान, तेही अनवाणी. मधुमेहाने पायाची संवेदना गेली की खडा रुतला तरी कळत नाही. तिलाही कळला नाही. अंगठ्याखालची जखम चार महिने भरेना, तेव्हा एका डॉक्टरांनी अंगठा काढायचं सुचवलं, कदाचित पाऊलही. घाबरलेल्या मावसभावाने एका खासगी दवाखान्यात स्टेम सेलची इंजेक्शनं ठरवली. खर्च लाखांत. मी पुण्याहून निघाले.

गाडीत वाचत होते. या पेशी जखमेत जाऊन नवी कातडी बनतात, असं जाहिराती भासवतात. अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून घेतलेल्या या पेशी बहुधा तिथे फार दिवस टिकतही नाहीत. त्या सोडतात ते रासायनिक निरोप. दाह आवरा, नव्या रक्तवाहिन्या येऊ द्या. राबायचं रुग्णाच्याच पेशींनी. कल्पना मला आवडली. पण आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, रक्ताच्या मूळपेशींचं मान्यताप्राप्त रोपण सोडलं तर बाकी वापर मंजूर चाचणीतच करता येतो. मावसभावाला एवढंच विचारलं, "चाचणीचा काही कागद दिला का रे त्यांनी?" दिला नव्हता. इंजेक्शनं रद्द झाली.

मग नॅनो-चांदीची पट्टी आली. मावशी म्हणाली, "बाळाला चांदीच्या वाटीत भरवतो, त्यातलंच ना हे?" बरंचसं त्यातलंच. चांदीचे आयन जंतूंना मारतात, आणि कण शंभर नॅनोमीटरहून बारीक केले की तेवढ्याच चांदीचा पृष्ठभाग कितीतरी वाढतो. पण त्या पायावर ती देवघरापर्यंत चालली की जखम पुन्हा उसवायची. त्याला चांदी काय करणार?

खरं भांडण गंगाजलावरून झालं. मावशीला जखम त्याने धुवायची होती, मी तांब्या उचलून ठेवला. "तुमच्या विज्ञानालाही गंगेत काही सापडलंय म्हणे," ती म्हणाली. सापडलं होतं खरं. १८९६ साली हॅन्किन या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, आणि पाणी उकळलं की तो गुण जातो. १९१७ मध्ये फेलिक्स द'हेरेलने जंतू खाणाऱ्या विषाणूंना बॅक्टेरिओफाज हे नाव दिलं. आणि मावशीच्या घरापासून काही किलोमीटरवर, बनारस हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेत, असेच विषाणू न भरणाऱ्या जखमांवर वापरून पाहिले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रुग्ण फक्त वीस. सात जणांच्या जखमा एकविसाव्या दिवशी पूर्ण भरल्या होत्या. लहान अभ्यास आहे, पण मला तो लाखाच्या इंजेक्शनांपेक्षा जवळचा वाटला.

मात्र ते विषाणू प्रयोगशाळेत वेगळे काढून, जखमेतल्या नेमक्या जंतूंवर पारखून लावलेले होते. तांब्यात विषाणूंबरोबर जंतूही येतात. हे विषाणू जंतूंवरच जगतात, त्यामुळे जिथे सांडपाणी तिथे त्यांची चंगळ.

मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आईला आपण घाण केली, आणि त्यातूनही ती औषध देते." मला हे उलट बाजूने पटत होतं. पण तांब्या देवघरात गेला, एवढं पुरे होतं.

सुश्रुताला शस्त्रविद्या शिकवली ती काशिराज दिवोदास धन्वंतरीने, अशी परंपरा. सुश्रुतसंहितेत व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यात धुणं, कापणं, बांधणं आहे, आणि भरल्या जागी पुन्हा केस उगवावेत म्हणूनही उपाय आहे. व्रण या शब्दाचा अर्थही तिथे दिलाय: ज्याची खूण, भरून आल्यावरही, देह असेतो जात नाही तो. एवढ्या बारकाईने पाहणाऱ्या माणसाने मावशीला आधी खाली बसवलं असतं.

आम्हीही तेच केलं. जखमेवर भार येणार नाही अशी चप्पल, इन्शुलिन, आणि एक दिवसाआड सर्जनकडे जाऊन मेलेली कातडी काढणं. सातव्या आठवड्यात तळाशी लालसर, दाणेदार मांस दिसलं. अंगठा राहिला. मावसभाऊ दर रविवारी पट्टी धरून जखमेचं माप घेतो आणि मला पाठवतो. परवाचं माप चार मिलिमीटर. खाली मावशीचा निरोप होता: यंदा आकाशदिवे ती घाटाच्या वरच्या पायरीवरून बघणार आहे, चप्पल न काढता.