पुण्याला जाताय? मग एवढं पाहूनच या!

मैत्रिणींनो, पुण्याला जायचं म्हटलं की आपली यादी ठरलेली असते. तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता, दगडूशेठचा गणपती, सारसबाग, आणि वेळ उरलाच तर शनिवारवाडा. मुलांसाठी पेशवे पार्क, आपल्यासाठी साड्यांची दुकानं, यजमानांसाठी नेमानं पिशव्या धरणं! पण यात एका ठिकाणाची भर घाला असं मी आग्रहानं सांगणार आहे. तिथे खरेदी नाही, देऊळ नाही, भेळही नाही. तरी अर्धा दिवस कसा गेला ते कळत नाही.

हे ठिकाण म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातली ‘आयुका’. नाव जरा अवघड आहे, आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र. म्हणून सगळे आयुकाच म्हणतात. १९८८ मध्ये ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक झाले. २००३ पर्यंत ती धुरा त्यांच्याकडे होती. २० मे २०२५ रोजी पुण्यातच त्यांचं निधन झालं. त्या आठवड्यात घरोघरी त्यांच्या गोष्टींच्या आठवणी निघाल्या. आमच्या शिक्षककक्षातही निघाल्या, आणि ‘मुलांना एकदा आयुका दाखवायचीच’ असं आम्ही ठरवून टाकलं.

आम्ही कऱ्हाडचे. कऱ्हाड ते स्वारगेट म्हणजे एस.टी.नं साडेतीन-चार तास. सहल शाळेची होती, आठवी-नववीच्या मुला-मुलींची. आधी पत्र पाठवून परवानगी काढली होती. तुम्हीही न कळवता जाऊ नका. तिथे संशोधकांचं काम चालू असतं, ते काही प्रदर्शन नव्हे. मात्र २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानं, सर्वसामान्यांना आत जाऊन सगळं पाहता यावं अशी प्रथा तिथे वर्षानुवर्षं चालत आली आहे. त्या दिवशी गर्दी खूप असते. लहान मूल बरोबर असेल तर पाण्याची बाटली, टोपी आणि दशम्यांचा डबा जवळ असू द्या. विद्यापीठ चौकातल्या वाहतुकीसाठी अर्धा तास जादा धरा.

आत गेल्यावर पहिली गोष्ट नजरेत भरते ती म्हणजे काळा रंग. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी ही इमारत बांधली. आपल्या डोंगरातला काळा पाषाण, त्यावर कडाप्पा, त्यावर काळा ग्रॅनाइट, असे काळ्यावर काळे थर आहेत. मला आधी वाटलं, हे काय, भिंतींना कुणी नीट रंगही दिला नाही! मग लक्षात आलं की अवकाशाचा काळोखच त्यांनी दगडात उभा केलाय. मधोमध देवळापुढे असतं तसं एक कुंड आहे, पायऱ्यापायऱ्यांचं. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन अशा चौघांचे पुतळे तिथे आहेत. मुलांनी चौघांनाही मिठ्या मारून फोटो काढून घेतले.

आत एक लंबक टांगला आहे, त्याला फूकोचा लंबक म्हणतात. तो हळूहळू आपली झुलण्याची दिशा बदलताना दिसतो. खरं म्हणजे बदलते ती आपल्या पायांखालची जमीन, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असते. हाच लंबक ध्रुवावर टांगला तर त्याची एक फेरी साधारण २४ तासांत पुरी होईल. पुणं विषुववृत्ताजवळ असल्यामुळे इथे त्याला जवळजवळ ७५ तास, म्हणजे तीन दिवसांहून थोडे जास्त लागतात. ‘पृथ्वी फिरते’ हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! पण ती फिरताना ‘दिसते’ हे तिथे उभं राहिल्यावरच कळलं.

आवारात मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ आहे. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून ती उभी राहिली. अरविंद गुप्ता यांनी तिथे अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून दाखवली. काड्यापेटीतल्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, जुनी झाकणं, सरबताच्या नळ्या, असलं सगळं त्यांना चालतं. आपल्या घरात हे सामान रोजच केरात जातं की नाही? सुट्टीत मुलं ‘काय करू, काय करू’ म्हणून डोकं खातात, तेव्हा त्यांच्यापुढे हे ठेवून पाहा.

आता तुम्ही म्हणाल, ही विज्ञानाची वारी झाली, यात कल्पनेचं काय? तर सांगते. या जागेची खरी गंमत ही की तिचा पाया घालणारा माणूस गोष्टी लिहीत होता.

ही हकिगत १९७४ सालची. केंब्रिजहून परत येऊन नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होते. एका परिषदेत कुणाचं तरी कंटाळवाणं भाषण चाललं असताना त्यांनी समोरच्या कागदावर गोष्ट लिहायला घेतली, ‘कृष्णविवर’. ती मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवायची ठरली. पण नाव पाहून बक्षीस मिळालं असं व्हायला नको. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली आणि ‘नारायण विनायक जगताप’ हे टोपणनाव घेतलं. परिषदेतले लोक अक्षरही ओळखत होते. तेव्हा गोष्ट लिहून काढली ती त्यांच्या पत्नीनं, मंगलाताईंनी, आपल्या हातानं. गोष्टीला पहिलं बक्षीस मिळालं.

आणि पुढची गोष्ट आम्हा कऱ्हाडकरांच्या अभिमानाची. १९७५ मध्ये साहित्य संमेलन आमच्या गावी भरलं होतं. अध्यक्षा होत्या दुर्गाबाई भागवत. त्या संमेलनात आणीबाणीविरुद्ध त्या ठामपणे बोलल्या, हे तर सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच व्यासपीठावरून त्यांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेचंही कौतुक केलं होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष खुद्द नारळीकर झाले.

या गोष्टी नुसत्या रॉकेट आणि यंत्रमानवांच्या नाहीत बरं का! ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा संग्रह १९७९ मध्ये निघाला. त्यातली ‘पुत्रवती भव’ ही कथा आपण बायकांनी तरी वाचायलाच हवी. ‘मुलगाच हवा’ हा हट्ट पुरवण्याची युक्ती विज्ञानानं हाती दिली तर समाजाचं काय होईल, हा तिचा विषय. त्या वेळी वाचकांना ती कल्पनेची भरारी वाटली असेल. पण गर्भाचं लिंग तपासण्यावर महाराष्ट्रात कायदा करावा लागला १९८८ मध्ये आणि देशात १९९४ मध्ये. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे आपल्या राज्यात मुली होत्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. गोष्ट लिहिणाऱ्याला जे आधी दिसलं ते आपण डोळ्यांनी पाहिलं. अशा गोष्टीला ‘मनोरंजन’ म्हणून कसं सोडून द्यायचं?

‘धूमकेतू’ ही आणखी एक कथा. १९८५ मध्ये तिच्यावर मुलांसाठी चित्रपटही निघाला. एका हौशी निरीक्षकाला नवा धूमकेतू सापडतो. त्याच्या बायकोला ती दुर्बीण म्हणजे सवतच वाटते, आणि धूमकेतू म्हणजे अपशकुन. तो पृथ्वीवर आदळणार असं कळल्यावर देशोदेशीचे शास्त्रज्ञ गुपचूप त्याची वाट वळवतात. इकडे घरात शांतीसाठी यज्ञ होतो, आणि संकट टळल्याचं श्रेय यज्ञाला मिळतं. कथा छानच आहे. पण खरं सांगू? वाचताना मला थोडं लागलं. घरातली बाई म्हणजे अंधश्रद्धा आणि दुर्बीण म्हणजे पुरुष, अशी वाटणी कितीदा वाचायची?

आयुकातही माझ्यापुढे हाच प्रश्न आला. कुंडाजवळ नववीतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, चारही पुतळे पुरुषांचेच. बायकांनी यात काहीच केलं नाही का?”

मी तिला पायरीवर बसवलं आणि तिथेच मंगलाताईंची गोष्ट सांगितली. हो, गोष्ट लिहून काढणाऱ्या त्याच! १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.ला गणितात त्या पहिल्या आल्या, सुवर्णपदक मिळवलं. टाटा संस्थेत संशोधनाला सुरुवात केली. मग लग्न झालं, केंब्रिजला बिऱ्हाड झालं. तिथे त्यांनी शिकवलंही. परत आल्यावर मुली, सासू-सासरे, येणं-जाणं सगळं सांभाळत गणित चालू ठेवलं आणि १९८१ मध्ये पीएच.डी. पुरी केली. तेव्हा त्या अडतिशीच्या घरात होत्या. ‘गणितगप्पा’सारखी मुलांना गणिताची गोडी लावणारी पुस्तकं लिहिली. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असं वाचायची पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला, आठवतंय ना? त्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगलाताईच. थट्टा झाली, पण लहान मुलांना जोडाक्षरी आकडे जड जातात हे त्या शांतपणे सांगत राहिल्या. १७ जुलै २०२३ रोजी त्या गेल्या.

मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे त्यांचं गणित पण होतं आणि अक्षर पण.” मला तरी याहून नेमकं सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर याच ओढीनं आणखी एक जुनी कथा शोधून वाचली, रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’. १९०५ मध्ये मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात ती छापून आली, आणि ते मासिक होतं खास स्त्रियांचं! त्यातल्या देशात पुरुष मर्दान्यात बसलेले आणि राज्यकारभार बायकांच्या हाती. विद्यापीठांतल्या स्त्रिया फुग्यानं ढगांतलं पाणी खाली आणतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो. चुलीच्या धुरात डोळे चोळणाऱ्या त्या काळातल्या बाईनं काय स्वप्न पाहिलं पाहा! २०२३ मध्ये स्पेनच्या इसाबेल एर्गेरा यांनी या कथेवरून स्फूर्ती घेऊन चित्रांचा लांबीचा चित्रपट केला. सव्वाशे वर्षं होत आली, तरी गोष्ट अजून तरुणच आहे.

आपली मुलं हल्ली ‘कल्की २८९८ एडी’ पाहतात, ‘इंटरस्टेलर’ पाहतात. पाहू द्या. पण शेजारी बसून एखादा प्रश्न विचारा. ‘इंटरस्टेलर’मध्ये त्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, आणि बाप परत येतो तेव्हा मुलगी म्हातारी झालेली. हे असं कसं? कृष्णविवराजवळ काळ सावकाश चालतो, हे विज्ञानाचं म्हणणं आहे, सिनेमावाल्यांची थाप नव्हे. २०१९ च्या एप्रिलमध्ये तर कृष्णविवराची पहिली प्रतिमाही जगानं पाहिली. आपल्याला उत्तर येत नसेल तर दोघींनी मिळून शोधा. त्यात कमीपणा कसला?

जाण्याआधी एवढं करा. नगरवाचनालयातून ‘यक्षांची देणगी’ आणा. आठवी-नववीच्या मुलांना ‘उजव्या सोंडेचा गणपती’ आणि ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ नक्की आवडतील. आपण भाजी निवडत असताना त्यांना मोठ्यानं वाचायला सांगा. भाजी निवडून होते, वाचनही सुधारतं. गोष्टी वाचून गेलात तर काळ्या दगडांचं ते कुंड निराळंच दिसेल.

आणि हो, परत आल्यावर एक दिवस लेक गणिताची वही पुढे सरकवील आणि म्हणेल, “आई, हे कसं गं?” तेव्हा सवयीनं “बाबांना विचार” म्हणू नका. गॅस बारीक करा आणि तिच्याशेजारी बसा.