एकास पस्तीस

माणसाला एखादा छंद असावा, असं सगळेच सांगतात. तो शेजाऱ्यांना समजेल असा असावा, ही अट मात्र आधी कुणी सांगत नाही. तुम्ही पोस्टाची तिकिटं जमवा, गच्चीत गुलाब लावा, सतार शिका, लोक समजून घेतात. सतारीचं तर फारच लवकर समजून घेतात आणि घर बदलतात. पण "मी सध्या टँक बांधतोय" असं एकदा सांगून पाहा. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "गच्चीवर की जमिनीखाली? आणि कमिटीची परवानगी?"

त्यांना हसण्यात अर्थ नाही. या यंत्राचं नावच मुळी पाण्याच्या टाकीवरून पडलं आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हे प्रकरण बनवायला घेतलं, तेव्हा गुप्तता राखण्यासाठी ‘पाण्याच्या टाक्या’ असं सांगायला सुरुवात केली. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणांगणावर या टाक्या पहिल्यांदा शत्रूवर चालून गेल्या, तरी नाव काही सुटलं नाही. आपण मराठीत ‘रणगाडा’ असा दणकट शब्द केला म्हणून बरं. नाहीतर ‘टाकीदळाची आगेकूच’ असे मथळे वाचावे लागले असते.

माझा रणगाडा खोक्यातून येतो आणि त्याचं माप असतं एकास पस्तीस. म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा. पस्तीसच का? तीस का नाही, चाळीस का नाही? मला वाटायचं, यामागे काहीतरी गहन शास्त्र असणार. पण शास्त्र वेगळंच निघालं. जपानमधल्या शिझुओका गावच्या तामिया कंपनीनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं मोटारीवर चालणारं मॉडेल काढलं. पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढं ते केलं. मग पुढचे रणगाडेही त्याच मापाचे करू म्हणून पँथर मोजून पाहिला, तर तो एकास पस्तीसच्या आसपास भरला. तेव्हापासून जगभर तेच माप रूढ झालं. आधी पोट आणि मग प्रमाण! आमचा शिंपी वर्षानुवर्षं याच तत्त्वावर पँट शिवत आला आहे.

या हिशेबाची एक गंमत आहे. लांबी पस्तीसपट कमी केली की वजन पस्तीस गुणिले पस्तीस गुणिले पस्तीस, म्हणजे ४२,८७५ पटींनी कमी होतं. टी-७२ हा रशियन रणगाडा साडेएक्केचाळीस टनांचा. तो याच प्रमाणात आटवला तर एक किलो साखरेच्या पुडीपेक्षाही थोडा हलका भरेल. तोफेसकट साडेनऊ मीटरची लांबी शाळेतल्या फूटपट्टीत मावेल. मी स्वतःलाही याच मापात बसवून पाहिलं. उंची पावणेपाच सेंटिमीटर, वजन पावणेदोन ग्रॅम. सौ.ला सांगितलं तर म्हणाली, "मग या घरात तुमचं वजन किती आहे, ते कळायला एवढी गणितं कशाला हवी होती?"

पण खरा पेचप्रसंग असतो निवडीचा. जुन्या महायुद्धाचे रणगाडे घेतले तर बरं असतं. ते इतिहासात जमा झालेले असतात. आधुनिक रणगाडा म्हणजे स्थळ बघण्यासारखं. जर्मनीचा लेपर्ड-२, १९७९ साली सैन्यात आलेला, देखणा, घरंदाज. पण त्याला एका बाजूला सात चाकं, प्रत्येक चाक जोडीचं. म्हणजे अठ्ठावीस चकत्या घासत बसायचं. अमेरिकेचा एब्रम्सही सात चाकांचाच. शिवाय त्याचं इंजिन विमानासारखं टर्बाइनचं, त्यामुळे खानदान श्रीमंत आणि तेल पिणारं. इंग्रजांच्या चॅलेंजरची शिफारस सौ.नं केली. कारण त्यात चहाचं पाणी उकळायची सोय असते, असं मी तिला सांगून बसलो होतो. ते खरंच आहे. सेंच्युरियनपासून इंग्रज आपल्या रणगाड्यांत विजेचं आधण ठेवत आले आहेत. "तोफा सुटोत न सुटोत, चार वाजता चहा मिळतो ना, मग माणसं शहाणी आहेत," असा तिचा अभिप्राय पडला.

मी टी-७२ घेतला. त्याला चाकं सहाच, हे एक कारण झालं. दुसरं कारण म्हणजे हा आपल्या घरातला. आपल्या सैन्यानं तो घेतला, पुढे मद्रासजवळच्या आवडीला तो बनू लागला आणि त्याचं नाव ‘अजेय’ ठेवलं. आणि तिसरं कारण दुसऱ्या मजल्यावर राहतं. पण ते पुढे येईल.

खोकं उघडलं की पहिल्यांदा आठवते ती चाळीतली दुरुस्तीला काढलेली शिलाई मशीन. प्लॅस्टिकच्या चौकटींना बारीक बारीक भाग लोंबकळत असतात आणि त्यांना ए-१७, सी-४२ असे कैद्यांसारखे नंबर असतात. ते कातरून, घासून, चिकटवायचे. नुसत्या पट्ट्याच्या कड्याच एका बाजूला नव्वदीच्या वर. त्या एकेक जोडताना माणसाला जपाची माळ ओढल्याचं पुण्य लागत असावं. पितळेच्या पत्र्यातून कोरलेले काही भाग तर इतके नाजूक, की चिमट्यातून उडाले तर त्यांना तिलांजलीच द्यायची. हे भाग कुठे जातात, याचं संशोधन जगभर चालू आहे. आमच्याकडे ते मोलकरणीच्या केरसुणीतून जात असावेत. "साहेब, हा तुमचा का?" म्हणून ती मला रोज काहीतरी आणून देते. त्यात आत्तापर्यंत दोन लवंगा, एक शर्टाचं बटण आणि एकदाच हेडलाइट निघाला.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे रंगाचा. आधी रणगाडा नव्यासारखा रंगवायचा आणि मग तो जुना दिसावा म्हणून खपायचं. गंज काढायचा, म्हणजे ब्रशनं चित्रासारखा काढायचा! धुळीची पूड बाटलीत विकत मिळते. चिखलही मिळतो, कोरडा वेगळा आणि ओला वेगळा. जिचं अर्धं आयुष्य आमच्या चपलांचा चिखल पुसण्यात गेलं, ती बाई नवऱ्याला पैसे देऊन आणलेला चिखल शून्य नंबरच्या ब्रशनं लावताना पाहते, तेव्हा तिच्या मनात काय येत असेल? काय येतं ते तिनं सांगितलंही आहे. इथं छापण्यासारखं नाही.

आता ते तिसरं कारण. दुसऱ्या मजल्यावरचे दफेदार. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाडा चालवायला शिकले आणि पुढे कितीतरी वर्षं टी-७२चे ड्रायव्हर होते. १९९४ साली तिथं रणगाड्यांचं संग्रहालय निघालं. त्यातली प्रत्येक गाडी ते पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशी सांगतात. एका संध्याकाळी ते आले, चष्मा वर करून मॉडेल पाहिलं आणि म्हणाले, "हे काय लावताय?"

"चिखल. जरा खरेपणा यावा म्हणून."

"खरेपणा?" दफेदार म्हणाले, "आमच्या गाडीवर एवढा चिखल राहिला असता ना, तर रिसालदारसाहेबांनी आमचाच खरेपणा बाहेर काढला असता! एक्सरसाइजवरनं आलं की आधी गाडी धुवायची, मग स्वतःला. पाणी कमी असलं तर फक्त गाडी."

सौ.नं आतून लगेच चहा आणला. बिस्किटांसकट.

चहा देता देता तिनं विचारलं, "टीव्हीवर दाखवतात, वरची टोपी उडून बाजूला पडलेली, तेच का हो हे?"

मी गप्प राहिलो. २०२२पासून युक्रेनच्या युद्धातली ती दृश्यं सगळ्यांनीच पाहिली आहेत. टी-७२मध्ये तोफ आपोआप भरते. त्यासाठी बावीस गोळे माणसांच्या पायाखाली गोल रचून ठेवलेले असतात. त्यांनी पेट घेतला की वरचा मनोरा उडतो. माझ्या मॉडेलचा मनोरा नुसता बसवलेला असतो. बोटानं उचलला की निघतो.

दफेदारांनी तो उचलला. आत काहीच नव्हतं. प्लॅस्टिकचा रिकामा डबा.

"इथं मी," ते काडीनं दाखवत म्हणाले. "एकटा. मागं डावीकडं गनर, उजवीकडं कमांडर. मे महिन्यात राजस्थानात पत्र्याला हात लावायची सोय नाय. तिघं सारखं बोलायचो. काय बोलायचो? मटण कुठं चांगलं मिळतं, रजा कधी सुटतीय. बस." मग मनोरा त्यांनी हळूच जागेवर ठेवला, थोडा डावीकडे वळवला. "तोफ डोक्यावर खाली वाकलेली असली की ड्रायव्हरची बाहेर पडायची पंचाईत होते. तेवढी बाजूला राहू द्या."

"आणि झाकण? बंद चिकटवू?"

"नका. उघडंच राहू द्या."

"पण आतलं सगळं रिकामं दिसतं," मी म्हणालो.

"दिसू द्या," दफेदार म्हणाले. "रिकामंच बरं."

तेव्हापासून तो रणगाडा काचेच्या कपाटाबाहेर, टेलिफोनच्या तिवईवर आहे. तोफ जराशी डावीकडे, झाकण उघडं. सौ. अधूनमधून म्हणते, झाकण लावून टाका, धूळ जाते आत. जाते खरी. पण या धुळीचे पैसे पडत नाहीत.