ओळखीशिवाय खाते नाही

काही शब्दांचा अर्थ कुणालाच ठाऊक नसतो, आणि म्हणूनच त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास असतो. पूर्वी ‘कॅलरी’ हा तसा शब्द होता, मग ‘कोलेस्टेरॉल’ आला, हल्ली ‘अँटिऑक्सिडंट’ आहे. कुठल्याही भाजीमागे तो लावला की भाजीचा भाव वाढतो आणि घरातल्या पुरुषांनी ती निमूटपणे खायची असते. सध्या ही पाळी अळंबीची आहे.

वास्तविक हे प्रकरण शास्त्रवाल्यांपेक्षा आम्हा कॉमर्सवाल्यांना लवकर समजावे. शरीरात प्राणवायूची उलाढाल चालू असताना काही रेणू असे निपजतात, की त्यांच्यापाशी एक इलेक्ट्रॉन कमी असतो. संध्याकाळी कॅश जुळवताना एक रुपया कमी आलेल्या कॅशियरसारखी त्यांची अवस्था! तो शेजारच्या काउंटरवरून रुपया ओढतो. मग शेजाऱ्याची कॅश जुळत नाही, तो पलीकडच्याकडे वळतो, आणि सात वाजेपर्यंत अख्खी शाखा एकमेकांच्या ड्रॉवरात हात घालून बसते. अशा वेळी एखादा भला माणूस स्वतःच्या खिशातला रुपया काढून देतो आणि म्हणतो, “जा बाबांनो आता घरी!” हा देणारा म्हणजे अँटिऑक्सिडंट. रुपया गेला तरी तो स्वतः कुणाच्या ड्रॉवरात हात घालत नाही. अशी माणसे बँकेत दुर्मीळ, अळंबीत पुष्कळ.

अळंबीत फिनॉल जातीची द्रव्ये असतात, ग्लुटाथायोन असते. पण खरा मानकरी म्हणजे एर्गोथायोनिन. फ्रान्समधल्या शार्ल तान्रे यांना ते १९०९ साली सापडले. कुठे म्हणाल, तर राय नावाच्या धान्यावर पडणाऱ्या अर्गट या विषारी बुरशीत! माणसाला ते स्वतः तयार करता येत नाही. बुरश्या आणि काही जिवाणू ते करतात, आपण आयते खातो. तरीही शरीराने त्याला पेशीत नेण्यासाठी एक खास वाहक प्रथिन ठेवले आहे, हे २००५ साली कळले. साहेबांच्या केबिनबाहेरचा शिपाई एखाद्याला पाहताच उठून दार उघडतो, तेव्हा असामी बडी आहे हे आपण ओळखतो. काम काय आहे ते मात्र आत गेल्यावरच कळायचे. शास्त्रज्ञांचेही सध्या तसेच झाले आहे. एर्गोथायोनिनने आयुष्य वाढते असे काही सिद्ध झालेले नाही. परीक्षानळीतला आकडा हा नुसता चेक आहे. तो शरीरात वटला तर खरा.

आता रानातली भारी की लागवडीची? २०१७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी १३ जाती तपासल्या. त्यात थंड मुलखातल्या रानात उगवणारी पोर्चिनी पहिली आली, आपले पांढरे बटण बरेच मागे राहिले. एवढे कानावर येताच आमच्या शेजारचे एक सेवानिवृत्त गृहस्थ पिशवी घेऊन डोंगराकडे निघाले. “बाजारातलं ते निव्वळ पाणी हो! रानातलं ते अस्सल!” बातमीचा उत्तरार्ध त्यांनी ऐकलाच नव्हता. मागे राहिलेले बटणही या बाबतीत बहुतेक इतर खाद्यपदार्थांच्या पुढेच आहे. आणि शेडमध्ये भाताच्या पेंढ्यावर वाढवलेली धिंगरी तर एर्गोथायोनिनमध्ये बटणाला सहज मागे टाकते. म्हणजे प्रश्न रानाचा नाही, जातीचा आहे.

आपल्याकडे रानातली खरी मानाची अळंबी ती वारुळावरची. कोकणात तिला अळंबी म्हणतात, गोव्यात अळमी. तिची शेती वाळवी करते, आणि तीही गेली सुमारे ३ कोटी वर्षे. माणसाला ती बाजारापुरती पिकवणे अजून जमलेले नाही. जी वाळवी आमच्या रेकॉर्डरूममधली जुनी लेजरे खाते तिची ही कुणी लांबची चुलतबहीण, एवढे चविष्ट पीक काढते हे मानायला मन धजत नाही! पण ती अळंबी माणसे चवीसाठी खातात. अँटिऑक्सिडंट मोजून कुणी कालवण केल्याचे ऐकिवात नाही.

गंमत इथे संपते. रानात ‘कुत्र्याच्या छत्र्या’ही उगवतात, आणि त्यांतल्या काही जिवावर बेततात. ‘चांदीचा चमचा काळा पडला तरच विषारी’, ‘किड्याने खाल्ली ती चांगली’ या साऱ्या कसोट्या खोट्या आहेत. अ‍ॅमानिटा वंशातल्या काही जातींचे विष शिजवूनही जात नाही. उलट्या सुरू होतात त्याच मुळी सहा-बारा तासांनी. मग जरा बरे वाटते, आणि तेवढ्यात आत यकृत निकामी होत असते. पहिल्या तासात काही झाले नाही म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही.

आमच्या धंद्यात जुना नियम होता : नवे खाते उघडायचे तर जुन्या खातेदाराची ओळख लागे. आता आधार आहे, पॅन आहे. पण अळंबीला अजून आधारकार्ड निघालेले नाही. तिथे जुनाच नियम बरा. जिची आई आणि आजी त्याच वारुळावरची अळंबी काढत आली, अशा बाईची ओळख असेल तर जरूर खा. नसेल तर बटण आहे, धिंगरी आहे. रुपया देणारे त्यांच्यातही भरपूर आहेत. अनोळखी अळंबीचे खाते पहिल्याच व्यवहारात कायमचे बंद होऊ शकते.