क्यूआर कोडवर आडनाव दिसते तेव्हा

संगमनेर हे विडीचे गाव. इथल्या कितीतरी घरांत आई-आजीच्या मांडीवर सूप असायचे, सुपात पाने आणि तंबाखू. हजार विड्यांवर मजुरी. वळणारीचे नाव मात्र बंडलावर कधीच आले नाही. लेबल मालकाचे, नफा मालकाचा; खोकला आणि पाठदुखी तेवढी बाईची.

हे लेबल आम्हाला आठवले ते एका क्यूआर कोडमुळे.

आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत. सासूने जन्मभर विड्या वळल्या, ताईंनीही दहा वर्षे वळल्या. मग त्यांनी काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि कुरडया विकायला घेतल्या. १४ एप्रिलला मिरवणुकीच्या वाटेवर टेबल लावले की दुपारपर्यंत माल संपायचा. पण जयंती वर्षातून एकदा येते आणि मसाला घराघरात रोज लागतो. म्हणून ताई आठवडे बाजारात बसू लागल्या. आम्ही शिकलेले कार्यकर्ते मदतीला धावलो. त्यांच्या बचत खात्याचा क्यूआर कोड मोठा छापून टेबलावर लावला आणि डिजिटल क्रांती केल्याच्या आनंदात घरी आलो.

एका नेहमीच्या गिऱ्हाईक बाईंनी दोन किलो मसाला घेतला आणि कोड स्कॅन केला. मोबाइलवर ताईंचे खात्यावरचे पूर्ण नाव आले, आडनावासकट. बाई थांबल्या. "तुम्ही मूळच्या कुठल्या?" ताईंनी गाव सांगितले. "गावात कुठं राहता?" हा दुसरा प्रश्न ज्यांना विचारला जातो, त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बाईंनी पैसे दिले, पिशवी घेतली, गोड हसल्या. पुन्हा आल्या नाहीत. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये, हे समाजशास्त्राच्या वर्गात आम्हीही शिकलो आहोत. पण त्या हंगामात हे तीनदा घडले.

मित्रांनो, ही गोष्ट नवी आहे का? १९१७ मध्ये बडोद्याहून अपमान सोसून मुंबईत परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक छोटी फर्म काढली होती. अर्थशास्त्र शिकलेला एवढा मोठा विद्वान! पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले आणि फर्म बंद पडली. सल्ल्यात खोट नव्हती. खोट नाव वाचणाऱ्याच्या डोळ्यात होती.

क्यूआर कोडचा जन्म १९९४ साली जपानमधल्या एका कंपनीत, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी झाला. त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांना जात नाही. ३० डिसेंबर २०१६ रोजी सरकारने पैसे पाठवण्याचे भीम ॲप आणले, तेव्हा ते बाबासाहेबांचे नाव असल्याचे अभिमानाने सांगितले गेले. आमचा प्रश्न साधा आहे: ॲपला भीमाचे नाव चालते, मग त्याच ॲपमध्ये भीमाच्या लेकीचे आडनाव दिसल्यावर मसाला का कडू लागतो?

आम्ही यावर तोडगा काढला. उद्यम नोंदणी मोफत होते. ती करायची, व्यवसायाच्या नावाने चालू खाते उघडायचे आणि त्याचा कोड लावायचा. म्हणजे स्कॅन केल्यावर दुकानाचे नाव दिसेल, आडनाव नाही. ताईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "दादा, नाव झाकायचंच होतं तर घरात बाबासाहेबांचा फोटो कशाला लावला?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही जातिअंताची भाषणे करतो आणि बाजारात पहिला सल्ला दिला तो लपण्याचा! तरीही व्यवसायाचे नाव घेणे चूक नाही. प्रस्थापित व्यापारी तेच करतो; घरखर्च आणि धंद्याचा हिशेब वेगळा राहतो, पुढे कर्ज मागताना उलाढाल दाखवता येते. चूक होती ती आमच्या हेतूत. शेवटी ताईंनीच ठरवले: कोड व्यवसायाच्या नावाचा, पण पाकिटावर ठळक अक्षरांत बनवणारीचे पूर्ण नाव आणि पत्ता. तसेही खाद्यपदार्थाच्या पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता छापणे कायद्याने बंधनकारकच आहे.

पाकिटावर आता आणखी एक कोड आहे, पैशांचा नव्हे, ओळखीचा. तो स्कॅन केला की ताईंचे व्हॉट्सॲप उघडते. भाव कळतात, मागणी नोंदवता येते. बाजारातले गिऱ्हाईक उठून गेले की हरवते, पाकीट मात्र त्याच्या स्वयंपाकघरात महिनाभर राहते. तरुणांनी हे शिकून घ्यावे. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये असा कोड फुकट मिळतो. काही संकेतस्थळे आपला पत्ता मध्ये घालून कोड देतात आणि मुदत संपली की पैसे मागतात. छापलेली हजार पाकिटे वाया जातात. म्हणून थेट आपलाच दुवा असलेला कोड घ्या. काळा रंग पांढऱ्यावर, भोवती मोकळी जागा, पाकिटाच्या घडीवर नको. छापण्याआधी दोन-तीन साध्या मोबाइलवर तपासा. टेबलावरच्या कोडवर कोणी दुसरा कोड चिकटवला नाही ना, हे रोज सकाळी पाहा. आणि लक्षात ठेवा, पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.

आता थोडे आपल्याबद्दलही. ताईंच्या वहीत उधारी कोणाची आहे? "आपलंच आहे ताई, नंतर देतो" म्हणणाऱ्यांची, म्हणजे आपलीच. हाच भाऊ बसस्थानकाजवळ चहा पिऊन लगेच स्कॅन करतो. परक्याला रोख आणि आपल्याला उधार, ही कुठली बांधिलकी? जयंतीच्या वर्गणीची पावती जपून ठेवणाऱ्यांनी ताईंच्या वहीतले आपले पानही पाहावे.

विक्री किती वाढली? थोडी. गेलेल्या तिघींपैकी एक परत आली, दोघी नाही आल्या. कोडने जात मोडत नाही; ती मोडण्याचे काम माणसांनाच करावे लागेल. पण जिच्या सासूचे नाव कुठल्याच बंडलावर आले नाही, तिचे नाव आज अनोळखी घरांच्या फडताळात, मसाल्याच्या पाकिटावर उभे आहे. ते वाचून कोणी तोंड फिरवले तर तो प्रश्न त्याचा आहे. त्या पाकिटांचे पैसे वेळेवर देणे हे काम आपले आहे.

जयभीम!