पितळेचा कांठ

आमच्या नानांच्या लांकडी फडताळांत, जानव्याच्या जोडाशेजारीं, एक रिकामें पितळी काडतूस असे. दारूगोळ्याच्या कारखान्यांत तपासनीस म्हणून त्यांची उभी हयात गेली. गेल्या वर्षीं माझ्या नातवानें तें हुडकून काढलें आणि त्याच्या बुडाचा कांठ बोटानें चाचपीत विचारलें, "आजोबा, हा कशाला?"

नानांनीं मला जें सांगितलें होतें, तेंच मीं त्यास सांगितलें. हें ·३०३ इंची काडतूस ब्रिटिश सैन्यांत १८८८ सालीं आलें. बाहेर आलेल्या कांठामुळें तें नळींत हवें तितकेंच शिरून अडतें आणि वापरल्यावर त्याच कांठास धरून बाहेर ओढतां येतें. १९१० सालीं बोथट गोळी जाऊन टोंकदार गोळी आली. टोंकांत हलकें अल्युमिनियम, मागें जड शिसें. कांठ मात्र तसाच राहिला. पुढें इंग्रजांनीं झेकोस्लोव्हाकियाची एक हलकी मशीनगन पसंत केली. ब्रनो व एन्फील्ड या दोन गांवांच्या आद्याक्षरांवरून तिचें नांव ब्रेन पडलें. मूळ गनचें काडतूस बिनकांठाचें, म्हणून तिचें मॅगझिन सरळ होतें. कांठाचीं काडतुसें एकावर एक रचलीं कीं तीं पंख्यासारखीं वळतात. शिवाय वरच्याचा कांठ खालच्याच्या कांठामागें अडकला, तर ऐन वेळीं बंदूक बंद पडते. म्हणून ब्रेनचें मॅगझिन वांकडें करावें लागलें.

नाना म्हणत, "एका कांठापायीं सारें मॅगझिन वांकलें. पण कांठ काढणें सोपें नाहीं हो! तो गेला कीं अडवण्याचें काम काडतुसाच्या खांद्याकडे येतें. आणि मग तो खांदा केसभरही चुकून चालत नाहीं." १९५४ सालीं नाटो राष्ट्रांनीं ७.६२ मिलिमीटरचें बिनकांठाचें काडतूस स्वीकारलें. त्यासाठीं बदललेल्या ब्रेनचें मॅगझिन जवळजवळ सरळ झालें.

एवढी बुद्धि मनुष्यवधाच्या साधनावर खर्ची पडली, याचा सल नानांना अखेरपर्यंत होता. परंतु नातवाला हें सांगतां सांगतां मी थबकलों, तें दुसऱ्याच कारणानें.

रात्रीं सर्वांनीं एकाच पंगतीस बसावें, हा आमच्या घरचा नानांपासूनचा नेम. सूनबाई रुग्णालयांत परिचारिका. तिची पाळी बदलली आणि घरीं यावयास दहा वाजूं लागले. मुलें पेंगत, आईचें पथ्य मोडे, तरी "ती आल्याखेरीज पानें मांडायचीं नाहींत," असें आई म्हणे. तें प्रेमच होतें. पण सूनबाईस दारांत पाऊल टाकतांना अपराध्यासारखें वाटे. आदल्याच रात्रीं तिनें मला विचारलें होतें, "बाबा, मी नोकरी सोडूं का?"

एका कांठापायीं आम्हीं सारे वांकलों होतों. दुसऱ्या दिवसापासून मीं पंगत मोडली. आई चार दिवस माझ्याशीं बोलली नाहीं. तिचेंही खोटें नव्हतें. पंगतीमुळें कोण उपाशी, कोण रुसलेला, हें न विचारतां कळे. आतां तें काम कोणाच्या तरी खांद्यावर येणार होतें. तें मीं घेतलें. रोज दहाला आमटी ऊन करून मी सूनबाईच्या पानाशीं बसतों.

हल्लीं आई अंथरुणांतूनच विचारते, "जेवली का रे ती?"

डोळ्यांनीं पाहिलेलें असतें, म्हणून "हो" म्हणतां येतें.