मढच्या किनाऱ्यावरून दिसणारा क्यूशू

मालाड स्टेशनच्या पश्चिमेला मार्वे रोड धरला, की मीठ चौकी आणि मालवणीची दाटी ओलांडेपर्यंत समुद्राची चाहूल लागत नाही. मग खारफुटी सुरू होते आणि रस्त्याला फाटा फुटतो. सरळ गेलं तर मार्व्याचा धक्का, डावीकडे वळलं तर अक्सा, एरंगळ आणि टोकाला मढ. सुट्टीच्या दिवशी या रस्त्याने जाणाऱ्यांना वाळू, सुकत घातलेली मासळी आणि चित्रपटांतून पाहिलेला किल्ला ठाऊक असतो. पण 1944-45 साली याच किनाऱ्यावर परक्या किनाऱ्यांवर चढाई करण्याची तालीम चालू होती आणि त्याच सुमारास हजारो मैलांवर जपान स्वतःचा किनारा राखण्यासाठी आपली शेवटची सेना उभी करत होता. या दोन तयाऱ्या शेजारी ठेवून पाहिल्या, की एक गोष्ट लख्ख कळते. किनाऱ्याचं भवितव्य वाळूवर ठरत नाही. ते आधीच दोन ठिकाणी ठरलेलं असतं : समोरच्या समुद्रावर आणि पाठीमागच्या लोकांत.

लोकांपासून सुरुवात करायची तर मालाडच योग्य आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या साष्टीत हिंदूंच्या उपासनेवर निर्बंध आले, तेव्हा मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे आणि अंजूरचे गंगाजी नाईक यांनी पेशव्यांकडे दाद मागितली. 1737 साली मराठी फौज खाडी ओलांडून ठाण्यात शिरली, त्या वेळी तिथला पोर्तुगीज किल्ला पुरता बांधूनही झाला नव्हता. वाटाडे आणि खबर देणारे स्थानिकच होते. एरंगळचं सेंट बोनाव्हेंचरचं चर्च मागे टाकून मढच्या टोकाला पोहोचलं, की या गोष्टीचा उत्तरार्ध समोर उभा राहतो. समुद्र आणि खाडी या दोहोंवर नजर ठेवणारा हा वेसावे किल्ला आज हवाई दलाच्या ताब्यात असून तो बाहेरूनच पाहावा लागतो. जागा अचूक निवडलेली आहे, तटही भक्कम. तरीही फेब्रुवारी 1739 मध्ये तो मराठ्यांकडे आला आणि मे महिन्यात वसई पडली. चिमाजी आप्पांच्या फौजेचं शौर्य त्यात होतंच. पण मागचा मुलूख विरोधात गेलेला किल्ला किती तग धरणार, हा प्रश्न दोन वर्षं आधीच सुटला होता.

1942 साली या किनाऱ्याला दुसरी भीती ग्रासून होती. 5 एप्रिलला जपानी विमानांनी कोलंबोवर बाँब टाकले, दुसऱ्या दिवशी विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर. मुंबईत दिवे झाकले गेले, अनेक कुटुंबं गावाकडे निघाली. हल्ला आला नाही तो मुंबईच्या तोफांमुळे नव्हे. जपानी ताफा हिंदी महासागरातून परतला आणि जूनमध्ये मिडवेच्या लढाईत त्याच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. समुद्राचं पारडं फिरलं, तसा मढचा उपयोगही फिरला. इथे सैन्य आणि नौदल यांच्या एकत्रित प्रशिक्षणाचं केंद्र आलं. सपाट तळाच्या होड्यांमधून सैनिकांनी वाळूवर उतरायचं कसं, हे इथे शिकवलं जाई. असंच केंद्र पुण्याजवळ खडकवासल्याच्या तलावावर होतं. तिथल्या सरावाच्या नकली जहाजाचा वारसा पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे आला. भारतीय नौदलाच्या उतरण-होड्यांच्या दलाचं ‘हमला’ हे ठाणंही याच परिसरात होतं, आणि आयएनएस हमला आजही मार्व्याला आहे.

आता पलीकडची बाजू. 8 एप्रिल 1945 रोजी जपानने मायभूमीच्या रक्षणासाठी दोन मोठ्या सेना उभ्या केल्या. पहिलीचं मुख्यालय तोक्योत होतं, दुसरीचं हिरोशिमात. अमेरिकेची पहिली चढाई 1 नोव्हेंबरला जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिण भागावर व्हायची होती आणि ती नेमक्या कोणत्या किनाऱ्यांवर होईल, हे जपानी सेनापतींनी बरोबर ओळखलं होतं. डोंगर पोखरून तोफा बसवल्या गेल्या, आत्मघाती विमानं राखून ठेवली गेली. जूनमध्ये कायदा झाला आणि 15 ते 60 वर्षांचे पुरुष व 17 ते 40 वर्षांच्या स्त्रिया स्वयंसेवक लढाऊ दलात येतील असं ठरलं. अनेकांच्या हाती बांबूचे भालेच होते. तोवर समुद्र हातचा गेला होता. पाणबुड्यांनी व्यापारी जहाजं बुडवली होती आणि मार्चपासून विमानांतून टाकलेल्या सुरुंगांनी बंदरं कोंडली होती. तेल, कोळसा आणि धान्य यांचाच तुटवडा होता. किनाऱ्यावर डिव्हिजनमागून डिव्हिजन येत असताना मागची शहरं जळत होती.

यावर एक आक्षेप रास्त आहे. 1940 नंतर ब्रिटनच्या होमगार्डांनाही बंदुका पुरल्या नाहीत, त्यांनाही भाले दिले गेले. मग त्यांचं कौतुक आणि जपानी गावकऱ्यांची कीव का? धैर्य दोन्हीकडे सारखंच होतं. पण ब्रिटनच्या खाडीवर रॉयल नेव्हीचा पहारा होता, आणि तो असेपर्यंत भालेवाला हा दुसऱ्या फळीतला माणूस होता. क्यूशूच्या शेतकऱ्यापुढे दुसरी फळीच नव्हती. दुसरा आक्षेप याहून जड आहे. किनाऱ्यावरचा बचाव निष्फळ नसतो. 9 सप्टेंबर 1945 रोजी, शरणागतीनंतर, मुंबई-मद्रासहून निघालेल्या ताफ्यांनी मलायात मोरीबच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवलं, तेव्हा गाड्या चिखलात रुतून बसल्या. विरोध झाला असता तर तिथे मोठा संहार झाला असता. मग क्यूशूवरच्या संहाराच्या धाकाने जपानला बऱ्या अटी मिळाल्या, असं का म्हणू नये? कारण हा हिशेब ओकिनावाने आधीच मांडून ठेवला होता. एप्रिल ते जून 1945 मधल्या त्या लढाईत सुमारे 1 लाख नागरिक मेले आणि बेट तरीही गेलं. असा बचाव शत्रूला मारू शकतो, स्वतःच्या माणसांना वाचवू शकत नाही. त्या धाकानेच अमेरिकेत अणुबाँबच्या बाजूच्या युक्तिवादाला बळ दिलं, आणि 6 ऑगस्टला ज्या हिरोशिमावर तो पडला तिथेच दुसऱ्या सेनेचं मुख्यालय होतं. सोव्हिएत रशियाही युद्धात उतरला आणि 15 ऑगस्टला सम्राटाने शरणागती जाहीर केली. क्यूशूच्या किनाऱ्यावरच्या सेनेवर लढण्याची वेळच आली नाही.

त्यानंतर जपानमध्ये गेलेल्या ब्रिटिश-भारतीय डिव्हिजनची जमवाजमव नाशिकला झाली. तिच्यातल्या ब्रिगेडियर थिमय्यांच्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. आणि ज्या साम्राज्याच्या नावाने हे सैनिक गेले, त्याचीही परीक्षा याच किनाऱ्यावर झाली. फेब्रुवारी 1946 मध्ये ‘तलवार’ या नौदलाच्या ठाण्यावरून पेटलेल्या नौसैनिकांच्या उठावात ‘हमला’ही सामील झाला. समुद्र तेव्हा पूर्णपणे ब्रिटिशांचा होता, पण माणसं राहिली नव्हती. दीड वर्षात सत्ता गेली.

तीन काळांची शस्त्रं वेगळी, तंत्रं वेगळी, हे खरंच. तुलना तटांची किंवा तोफांची नाही, राज्यकर्ते आणि रयत यांच्या नात्याची आहे. पोर्तुगीजांनी रयत दुखावली, ब्रिटिशांनी तिचा विश्वास गमावला, आणि जपानच्या सेनापतींनी समुद्र हरल्यावर रयतेलाच तटबंदी बनवलं. म्हणून घराच्या रक्षणासाठी नागरिकांना मरायला बोलावणाऱ्या कोणत्याही सरकारला आधी एकच विचारायला हवं : ही वेळ येऊ नये म्हणून तुम्ही काय केलंत, आणि येते आहे हे दिसल्यावर युद्ध थांबवलं का नाहीत? मालाड ते मढ या छोट्या रस्त्यावर या प्रश्नाचे इतके पुरावे आहेत, की उपनगरातल्या शाळांनी मुलांना इथे आणून हा इतिहास जागेवर शिकवला पाहिजे.